थोरलीच्या तारा

आपल्याला नाती दोन, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. एक ठकी. ती दिवसभर माझ्या कडेवर असते आणि खाली ठेवलं की भोकाड पसरते. दुसरी थोरली. ती पलंगाखाली काळ्या पेटीत झोपलेली असते आणि कध्धी रडत नाही. "शहाणी आहे हो ती," असं म्हणून सासूबाई माझ्याकडे बघतात. ठकी कुणावर गेलीय हे मला कळावं म्हणून.

थोरली म्हणजे माझी बेस गिटार. माझ्याहून वयाने बरीच मोठी, वजनाने भरभक्कम. मान एवढी लांब की डावा हात पार टोकाशी न्यावा लागतो. चार जाड तारा. तिचा आवाज घरातल्या फ्रीजच्या घरघरीसारखा. चालू असते तोवर कुणाला ऐकू येत नाही, बंद पडली की सगळे उठून बघायला येतात. लग्नाआधीपासून मी ती वाजवते. म्हणजे वाजवत होते. ठकी झाल्यावर माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जी कळ सुरू झाली ती काही केल्या जाईना.

"बाळाला उचलून उचलून होतं हे," हाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जड काही उचलू नका."

"मग बाळाला कुणी उचलायचं?"

"ते सोडून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

ठकीला उचलायचं तर थोरलीला खाली ठेवणं आलं. ठेवली. आणि मग एका सकाळी ढमढमचा फोन आला. ढमढम आमच्या बँडची ड्रमर. शाळेपासूनची मैत्रीण, बोलतेही ड्रम वाजवल्यासारखीच.

"हे बघ, तुझी जागा धरून धरून आमचे हात दुखले. तो एक पोरगा आहे, बरा वाजवतो, रोज विचारतो. या रविवारी तू सरावाला आलीस तर तू. नाही आलीस तर तो. मला तूच हवीयस, पण गाणी काय मी एकटी बडवणार?"

"अंगठा गं..."

"अंगठ्याचं काय ते बघ. छोटी बेस मिळते की. आखूड मानेची, हलकी. लहान मुलंसुद्धा वाजवतात. घे ना!"

छोटी बेस कुणाकडे आहे हे मला माहीत होतं. दातांच्या डॉक्टरांकडे.

आमचं एक मंडळ आहे. जुन्या, वापरलेल्या बेस गिटारी घेणाऱ्या, देणाऱ्या आणि त्यापायी घरच्यांची बोलणी खाणाऱ्यांचं. नाव खर्ज मंडळ. फोनवर एक ग्रुप, बाकी कारभार एकमेकांच्या बैठकीच्या खोल्यांत. मंडळाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडायची कुणाची छाती नाही. पहिला नियम: जुनी बेस घासायची नाही, पुसायची नाही आणि तिच्या तारा बदलायच्या नाहीत. नव्या तारा म्हणजे स्टीलचा चमचा खाली पडावा तसा आवाज, टिणटिण. वर्षानुवर्षं वाजवून, घाम पिऊन, बोटांचा मळ खाऊन त्या मुरतात, तेव्हा कुठे तो खोल, गोल, पोटात उतरणारा ढुम्म निघायला लागतो. थोरलीच्या तारा माझ्याआधी दोघांच्या हाताखाली मुरल्या होत्या. त्यावर वर्षानुवर्षं मी.

दुसरा नियम असा की बेस बघायला आलेल्या माणसाने आधी ती बघायची नाही. पाठ फिरवून बसायचं आणि ऐकायचं. देणाऱ्याने वाजवायचं. कारण जुनं लाकूड दिसतंच असं देखणं की माणूस भाळतो, घरी नेतो आणि मग कळतं की डबा आणलाय. आमच्या एका सदस्याने अशीच एक लालचुटूक बेस नुसती बघून आणली. ती अजून त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे. त्याचा मुलगा तिला टोपी अडकवतो.

पाठ फिरवून ऐकण्यात डॉक्टरांचा हात कुणी धरू शकत नाही. हात म्हणजे कान. आयुष्यभर लोकांच्या दाढा ठोकून आवाजावरून कीड ओळखली, असं ते सांगतात. मंडळात कुणाचाही सौदा असो, "डॉक्टरांना बसवा" असं म्हणतात आणि ते बसतात, स्वारी खूश असते. त्यांनी थोरलीला एकदाच ऐकलं होतं, आमच्या एका कार्यक्रमात, आणि तेव्हापासून भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "तारा त्याच आहेत ना?"

मी त्यांना फोन केला. तुमची बुटकी द्या, माझी थोरली घ्या. अदलाबदल.

पलीकडून ठरलेला प्रश्न, "तारा त्याच आहेत ना?"

"त्याच."

"शनिवारी सकाळी येतो."

सांगताना सोपं वाटतं. पण फोन ठेवला आणि मी ठकीला घट्ट धरून पलंगाच्या कडेवर बसून राहिले. पायाशी, पलंगाखाली, ती होती. देऊन टाकायची. पण न देता तिला तिथेच धूळ खात ठेवायची आणि मी फ्रीजसारखी बंद पडायची, हे त्याहून वाईट. ठकीने माझी हनुवटी चोखायला सुरुवात केली. विचार तिथेच थांबला, थांबतोच.

त्या आठवड्यात ठकीला दात यायला लागले. दिवस कसे गेले मला सांगता येणार नाही. आंघोळ केली की पुण्य केल्यासारखं वाटायचं. पेटी उघडून थोरलीला एकदा नीट बघू म्हणत होते, तेही राहिलं. आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो भला माणूस आहे. बायको आठवडाभर पोर घेऊन फिरतेय, तिची वस्तू जायचीय, आपण काहीतरी हातभार लावू, असं त्याला वाटलं. आणि नवऱ्याचा धंदा आहे वापरलेल्या गाड्या विकण्याचा. तिथे गाडी अशी पुसतात, अशी घासतात की जुन्या मालकानेही आपली म्हणून ओळखू नये.

शनिवारी डॉक्टर आले ते पाठीला बुटकीची पिशवी लावून, शाळेत निघालेल्या पोरासारखे. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि उभ्या उभ्या आपली दाढ दाखवली. त्यांनी ती तेवढ्याच तत्परतेने पाहिली. मग ते बैठकीच्या खोलीत खुर्ची ओढून, भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसले.

"हं. येऊ दे."

मी ठकीला सासूबाईंकडे दिलं. नवरा पेटी घेऊन आला. हसू त्याच्या तोंडात मावत नव्हतं. मला वाटलं, मी परत वाजवणार म्हणून असेल. पेटी उघडली.

थोरली झळाळत होती. तिच्या अंगावरचा तो सायीसारखा जुना थर कुठे गेला होता कोण जाणे, त्यात मला माझंच तोंड दिसलं. आणि तारा. चारही कोऱ्या करकरीत, चांदीसारख्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने भुवया उडवल्या. कशी केलीय?

"तारा?" मी नुसते ओठ हलवले.

तो जवळ वाकून कुजबुजला, "अगं, काय काळ्या झाल्या होत्या! चिकट! दुकानात नमुना दाखवून त्याच जातीच्या आणल्या. सरप्राइज."

"जुन्या कुठेत?"

"निघेनात म्हणून कापल्या पक्कडीने."

डॉक्टर भिंतीला म्हणाले, "घे वेळ, घाई नाही."

मला रडू यायचं होतं, पण त्यालाही वेळ लागतो. डोक्यात एकच घुमत होतं: तारा नाहीत तर अदलाबदल नाही, बुटकी नाही तर उद्याचा सराव नाही, आणि उद्या तो रोज विचारणारा पोरगा माझ्या जागेवर उभा राहून माझी गाणी वाजवणार. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं. आपण काहीतरी केलंय एवढं त्याला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

जमिनीवर ठकीचा मोजा पडला होता. एकच. तिचा एक मोजा नेहमी जमिनीवरच असतो.

मी तो उचलला, दुमडला आणि तारा जिथे खाली बांधलेल्या असतात त्या घोडीजवळ, तारांच्या पोटाखाली सरकवला. असं काही दाबून बसवलं की तारांचा चरचरीतपणा मरतो. मग मी थोरली कोपऱ्यातल्या स्पीकरला जोडली, मांडीवर आडवी घेतली, अंगठा कसाबसा मानेमागे टेकवला आणि वाजवलं.

ढुम्म. ढुम्म, ढु-ढुम्म.

डॉक्टरांची पाठ ताठ झाली. मग सैल झाली. मान हलायला लागली. अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत जात होती आणि तरी मी थांबले नाही, कारण इतक्या दिवसांनी माझ्या हातून काहीतरी निघत होतं जे धुवायचं, पुसायचं, भरवायचं नव्हतं. आतल्या दारातून ठकी सासूबाईंच्या खांद्यावरून वाकून बघत होती, तोंड उघडं, लाळ हनुवटीवर.

"हाच!" डॉक्टर भिंतीला म्हणाले. "हाच तो. काय मुरलाय! अहाहा. बाई गं, बुटकी तुझी. झालं. ठरलं."

नवऱ्याने माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि श्वास सोडला. गाड्यांच्या धंद्यात "ठरलं" या शब्दानंतर कुणी तोंड उघडत नाही.

मलाही उघडायचं नव्हतं. बुटकी तिथे दाराशी टेकून उभी होती, तिच्या पिशवीत. हात लांब केला की माझी. पण मग डॉक्टर थोरलीला घरी नेणार, पेटी उघडणार, घोडीपाशी एक इवला मोजा सापडणार. पिवळा, त्यावर बदक. आणि त्यांच्या मनात थोरली कायमची खोटी ठरणार. तिची काय चूक?

"डॉक्टर, वळू नका. आधी आणखी एकदा ऐका."

मी मोजा ओढून काढला आणि तेच पुन्हा वाजवलं.

टिंग. टिंग, टि-टिंग.

आवाज असा की आत सासूबाईंनी विचारलं, "काय पडलं गं?"

डॉक्टर वळले. त्यांनी थोरलीकडे पाहिलं, तिच्यात पडलेलं स्वतःचं प्रतिबिंब पाहिलं, माझ्या हातातला मोजा पाहिला. खुर्चीतून उठले, गुडघ्यावर बसले आणि एका तारेवरून बोट फिरवलं. कुणाच्या तरी तोंडात बघतात तसे वाकले होते.

"जुन्या कुठे आहेत?"

नवरा पुढे झाला. "माझ्या हातून झालं, डॉक्टर. हिला माहीत नव्हतं. मला वाटलं, द्यायची वस्तू आहे, स्वच्छ असावी..."

"कुठे आहेत?"

"त्या होय?" सासूबाई ठकीला घेऊन आल्या. "मी घेतल्या की. गॅलरीतला वेल बांधलाय. काय पक्क्या आहेत हो! सुतळी दर पावसात कुजते, या नाही कुजायच्या."

आम्ही सगळे गॅलरीत गेलो. वेल खरंच छान बांधला होता, एकेक गाठ मोजूनमापून. डॉक्टरांनी तारेचं एक कापलेलं टोक चिमटीत धरलं, उजेडात पाहिलं.

"मुळासकट काढली असती तर परत बसवता आली असती," ते म्हणाले. "ही मोडून काढलीय."

"दात का?" सासूबाईंनी विचारलं.

"दातच म्हणायचं."

परत आत येऊन बसलो. मी बुटकीकडे बघायचं टाळत होते. ठकी मात्र सरळ तिच्याकडे गेली, म्हणजे पोटावर सरपटत, आणि पिशवीची चेन तोंडात घेतली.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाले. "मोजा का काढलास? माझं तर झालं होतं. मी 'ठरलं' म्हटलं होतं."

"तुम्हाला घरी गेल्यावर कळलंच असतं."

"कळलं असतं," ते म्हणाले. मग जरा खाकरले. खाली बघून चष्मा पुसला. "पण इथे नाही कळलं. लोक स्पंज घालून फसवायला बघतात, तो मी दारातून ओळखतो. मोजा नाही ओळखला." आणि आवाज खाली आणून: "हे ग्रुपवर सांगणार आहेस का?"

मला आधी कळेचना. मग कळलं आणि हसू दाबताना माझ्या नाकातून आवाज आला. मंडळाचे सगळ्यात मोठे कान. लहान बाळाच्या, बदकाच्या मोज्यापुढे गार.

"छे! काहीतरीच काय."

"नाही, म्हणजे लोक काय, हसतात."

"मी कशाला सांगतेय, डॉक्टर?"

"मोज्याबद्दल एक अक्षर नको."

"नाही."

ते पुष्कळसे सैल झाले. परत थोरलीजवळ बसले, तिची मान उचलून डोळा लावून सरळ आहे का पाहिली, लाकडावर नखाने टकटक केली. "हाड चांगलं आहे. तारा काय, जात तीच आहे. मुरतील. दोन वर्षं, तीन वर्षं, रोज वाजवल्या तर. प्रश्न एवढाच की मुरवणार कोण? माझ्याकडे बाराजणी आहेत, एकेकीची पाळी दोन दोन आठवड्यांनी येते. माझ्याकडे या तारा माझ्यानंतरही कोऱ्याच राहतील. तुझा अंगठा हा असा."

"ज्याने कापल्या त्याने मुरवाव्यात," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मी?" तो म्हणाला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही! आई, तू तरी सांग, मला शाळेत गाण्याच्या तासाला बाहेर उभं करायचे."

"म्हणूनच सांगतेय, घरात बस आता."

"तुम्हाला कळायची गरज नाही," डॉक्टर एकदम उत्साहात आले. "बोट ठेवायचं आणि ओढायचं. रोज अर्धा तास. घाम आला तर उत्तम. आणि हात धुवायचे नाहीत."

"म्हणजे?"

"कामावरून आलात की तसेच बसायचं. ग्रीस, तेल, काय असेल ते. जितकं मळकट तितकं चांगलं."

"अहो, लहानपणापासून मी याला हात धू, हात धू म्हणून घसा कोरडा केला," सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता कुठे धुवायला लागलाय!"

असं ठरलं. थोरली आजपासून डॉक्टरांची, पण राहणार आमच्याकडे, मुरेपर्यंत. दर काही महिन्यांनी ते येणार, भिंतीकडे तोंड करून बसणार आणि ऐकणार. बुटकी आजच माझी. मी "पण तुम्ही आज रिकाम्या हातांनी..." असं म्हणायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. दारातून बाहेर पडताना मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. मी मान डोलावली. सासूबाईंच्या दाढेला मात्र सोमवारी यायला सांगून गेले.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी सुरुवात केली. एकच सूर, एकच तार, कपाळावर आठी. मी त्याच्या शेजारी बसून त्याला बोट कसं टेकवायचं ते दाखवलं.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"सकाळी होते. नंतर वेळच नाही मिळाला."

"मला खरंच वाटलं होतं की तू खूश होशील."

"माहितीय," मी म्हटलं. "खांदा खाली घे. गिअर टाकत नाहीयेस."

रविवारी बुटकी पाठीला लावून मी एकटी घराबाहेर पडले. कडेवर कुणी नाही, हातात दुपट्याची पिशवी नाही. रस्ता ओलांडताना मी सवयीने डावा हात कमरेला धरला होता, रिकाम्याच. सरावाची खोली तीच, वाहनतळाच्या वर, तारांचं जंजाळ, खिडकीला लावलेल्या जुन्या गाद्या. ढमढमने मला पाहिलं आणि काठ्या वर फेकल्या. त्यातली एक झेलली, एक गादीमागे गेली.

"आलीस! कसलं खेळणं आणलंयस ते?"

"हिला नावं ठेवायची नाहीत."

पहिलं गाणं अडखळलं. माझी बोटं थोरलीच्या मापाने लांब जात होती आणि सूर सोडून पुढे पडत होती. दुसऱ्या गाण्यात ती जागेवर आली. मान हाताशी होती, वजन खांद्याला कळत नव्हतं, अंगठा मागे नुसता टेकला होता, धरत काहीच नव्हता. मधल्या कडव्याशी ढमढमने लय जड केली. मी तिच्या खाली शिरले आणि खोली एकदम जमिनीवर आली. गाणारीने वळून पाहिलं. कुणीतरी फ्रीज चालू केला होता.

आणि नेमकं तेव्हाच दूध आलं. कुणी रडलं नव्हतं, कुणी आठवलंही नव्हतं. आपोआप, दोन्ही बाजूंनी, भरभरून. मी खाली पाहिलं. थोरली असती तर तिच्या एवढ्या थोरल्या अंगामागे सगळं झाकलं गेलं असतं. बुटकी पोटापाशी इवलीशी लटकत होती आणि तिच्या वर माझ्या निळ्या सदऱ्यावर दोन गोल ओले डाग चांगले पसरत चालले होते.

ढमढमने पाहिलं. तिचं तोंड कानापर्यंत गेलं, पण हात थांबले नाहीत.

"थांबायचं का?" ती ओरडली.

"नको!" मी ओरडले. "अजून एक कडवं आहे!"